इस्तंबूलच्या एका मोहल्ल्यात पंधरा दिवस नुसतं बसायचं असेल तर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आणि आई अठरा दिवस इस्तंबूलला होतो. पहिले तीन दिवस आया सोफिया, तोपकापी राजवाडा, झाकलेला बाजार असं सगळे करतात ते केलं, आणि उरलेले पंधरा दिवस एका मोहल्ल्यात फ्लॅट घेऊन अक्षरशः गल्लीत बसून काढले. घरी आल्यावर जो तो विचारतो, पंधरा दिवस केलंत काय, आणि आई सांगते "शेंगा मोडल्या". खोटं नाहीये ते, पुढे येईलच.

तर ज्यांना असं करायचंय, म्हणजे टूरच्या बसमधून नाही तर रस्त्यावरचं रोजचं आयुष्य बघायचंय, त्यांच्यासाठी लिहितेय. आम्ही बऱ्याच ठिकाणी आपटलो, तुम्ही आपटू नका.

१. कागदपत्रं आणि सामान

हे पटकन उरकते.

- पासपोर्ट, निदान सहा महिने शिल्लक असलेला.
- व्हिसा. भारतीय पासपोर्टला लागतोच. तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा किंवा तिथलं रेसिडेन्स परमिट असेल तर ई-व्हिसा मिळतो, एकदाच प्रवेश, ३० दिवस. नसेल तर अर्ज केंद्रात जाऊन स्टिकर व्हिसा, त्याला वेळ धरून चाला.
- परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग, इन्शुरन्स, सगळ्याच्या प्रिंट. मोबाईलची बॅटरी नेमकी काउंटरवरच मरते.
- ई-सिम भारतातूनच घेऊन ठेवा.
- चपटे, न घसरणारे बूट. उतारावरचा दगडी रस्ता पावसात साबण लावल्यासारखा होतो.
- चिवड्याची आणि लाडवांची पाकिटं. का ते शेवटी.

सापळा: ई-व्हिसाच्या सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या ढीगभर साइट सर्चमध्ये वर येतात. मी घाईघाईत अशाच एकीवर फॉर्म भरला आणि दुप्पट पैसे गेल्यावर कळलं. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट टीआर आहे का ते बघा, नसेल तर टॅब बंद.

२. मोहल्ला निवडा, हॉटेल नंतर

तुर्कीत त्याला महाल्ले म्हणतात, आपल्या मोहल्ल्याचाच भाऊ. आणि ही नुसती बोलायची गोष्ट नाही, प्रत्येक महाल्लेला निवडून आलेला मुहतार असतो, पाच वर्षांसाठी, पक्षाच्या चिन्हाशिवाय, आणि त्याचं छोटंसं ऑफिस असतं. इस्तंबूलमध्ये ही पद्धत १८२९ पासून आहे. सरपंच आणि पोलीस पाटील मिळून एक माणूस केला तर जे होईल तसं काहीतरी.

बालात, फेनेर हे भाग फोटोंमुळे सगळ्यांना माहीत झालेत, रंगीत घरं छानच आहेत पण दुपारी तिथे राहणाऱ्यांपेक्षा फोटो काढणारे जास्त. आम्ही पाण्यापलीकडे, आशियाच्या बाजूला, कादिकोयमध्ये राहिलो. कादि म्हणजे काजी आणि कोय म्हणजे खेडं, काजीचं खेडं. १४५३ मध्ये तुर्कांनी शहर जिंकल्यावर इस्तंबूलच्या पहिल्या काजीला हा भाग दिला म्हणून हे नाव. त्यातला येलदेइरमेनी नावाचा मोहल्ला आम्ही धरला. नावाचा अर्थ पवनचक्की, अठराव्या शतकात इथे होत्या, आता एकही नाही. बाजूलाच हैदरपाशा स्टेशन, १९०८ चं. ते बांधायला आलेले जर्मन इंजिनियर इथेच राहिले, त्यामुळे जुन्या इमारती जरा युरोपी वळणाच्या. चार गल्ल्यांत मशीद, १८९९ चं सिनेगॉग आणि एक जुनं फ्रेंच चर्च जिथे आता गाण्याचे कार्यक्रम होतात, आणि २०१२ पासून मोठमोठ्या भिंतींवर चित्रं काढलीयेत ती वेगळीच.

सापळा एक: पत्त्यात येलदेइरमेनी सापडणार नाही, अधिकृत नाव रासिमपाशा आहे. टॅक्सीवाल्याला दोन्ही सांगा.

सापळा दोन: लिफ्ट आहे का हे लेखी विचारा. जुन्या इमारतींना बहुतेक नसते. आमच्या घरमालकाने "तिसरा मजला" लिहिलं होतं आणि खालचे दोन मजले त्याने मोजलेच नव्हते, आई दर वळणावर थांबून माझ्याकडे बघत होती, बोलली काही नाही, ते जास्त वाईट.

३. तिथे बोटीनेच जा

समुद्राखालून मारमाराय ट्रेन आहे, २०१३ पासून, ती लवकर पोचवते. पण पहिल्यांदा तरी युरोपच्या बाजूच्या एमिनोनू किंवा काराकोय धक्क्यावरून बोट घ्या, वीस-पंचवीस मिनिटं. बोटीला वापुर म्हणतात, शब्द फ्रेंचमधून आलाय पण आई म्हणाली वाफेची बोट म्हणून वापुर, मी वाद घातला नाही, अर्थ शेवटी तोच. बाहेरच्या बाकावर बसा. आत एक माणूस ट्रेमधून चहा विकत फिरतो आणि बाहेर लोक सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल कड्यासारख्या पावाचे, तुकडे हवेत भिरकावतात आणि सीगल ते वरच्या वर पकडतात. संध्याकाळी साडेसहाची बोट बघाच, ऑफिसवाल्यांनी भरलेली, सगळे दमलेले आणि तरी अर्धे जण खिडकीबाहेर बघत असतात, रोज तेच पाणी असून. आपली कर्जत लोकल आठवली मला, फक्त इथे बसायला जागा होती.

यासाठी इस्तंबूलकार्त घ्या, बस, मेट्रो, ट्राम, बोट सगळ्याला तेच चालतं. मशीनपाशी "मदत" करायला कुणी आपणहून आला तर नको म्हणा आणि स्वतः भाषा बदलून करा.

४. पहिले दोन दिवस एकाच ठिकाणी बसा

मला सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच वाटते आणि लोक नेमकी हीच गाळतात. रोज नवीन गल्ली बघायची नाही. एक चहाचं ठिकाण पकडा आणि त्याच वेळी, त्याच स्टुलावर दोन दिवस बसा. तिसऱ्या दिवशी न मागता चहा येतो आणि मग गल्ली तुमच्यासमोर वागायला लागते.

चहाला चायच म्हणतात, पण दूध विसरा. एकावर एक दोन किटल्या असतात, वरच्यात कडक अर्क आणि खालच्यात उकळतं पाणी. कडक हवा तर "देमली", फिका हवा तर "आचिक". कमरेत बारीक असलेल्या काचेच्या ग्लासात येतो, कान नसतो, वरची कड दोन बोटांत धरायची नाहीतर भाजतं. बरोबर साखरेचे दोन चौकोनी खडे. पुरे झाला की चमचा ग्लासावर आडवा ठेवा, नाहीतर काही ठिकाणी ग्लास भरतच राहतो, आईने पहिल्या दिवशी पाच प्याले आणि रात्रभर भिंतीकडे बघत बसली. गंमत म्हणजे हा चहा फार जुना नाही. त्याआधी कॉफीचा देश होता, काळ्या समुद्राकाठच्या रिझेत पहिला चहाचा कारखाना १९४७ चा.

चहावाल्या पोऱ्याकडे नीट बघा. त्याच्या हातात तराजूच्या पारड्यासारखा ट्रे असतो, गोल थाळी, तीन दांड्या वर एका कडीत आलेल्या. कडी बोटात अडकवून तो गर्दीतून जातो, वळताना थाळी बाहेरच्या बाजूला झुलते, ग्लास सगळे तिरके होतात आणि थेंब सांडत नाही. न्हाव्याकडे दोन, चावीवाल्याकडे एक, वर शिंप्याकडे तीन. बऱ्याच दुकानदारांनी चहाचे प्लास्टिकचे बिल्ले आधीच विकत घेऊन ठेवलेले असतात, रिकामा ग्लास आणि एक बिल्ला परत, पैशाचं नावच नाही. मी एक अख्खी सकाळ फक्त त्या पोऱ्याच्या मागे नजर ठेवून काढली.

बायकांसाठी: दुपारी पुरुषच पुरुष बसलेले, टाइल्सचा ओके किंवा सोंगट्यांचा तावला खेळणारे अड्डे असतात, तिथे बाईला कुणी हाकलत नाही पण सगळा आवाज बंद होतो. त्यापेक्षा चहाची बाग किंवा बाहेर स्टुलं टाकलेलं दुकान बघा. तावलाचे आकडे मात्र कान देऊन ऐका, फासे पडले की "शेश-बेश" ओरडतात. शेश म्हणजे सहा आणि बेश म्हणजे पाच. शेश फारसीतून आलाय, आईला तो संस्कृतच्या षष् सारखा वाटला आणि ती खुश झाली, लांबचं नातं खरंच आहे.

५. हाक कशी मारायची

नावापुरती भाषा शिकून जा, पण नाती आधी शिका. तुर्की नाती आणि मराठी नाती इतकी जुळतात की मला धक्काच बसला. इंग्रजीत सगळे अंकल-आंटी, पण तुर्कीत आईची बहीण तेयझे, वडिलांची बहीण हाला, वडिलांचा भाऊ आम्जा, आईचा भाऊ दायी, सगळे वेगळे. आणि अनोळखी वयस्कर बाईला हाक मारताना ते हाला म्हणत नाहीत, तेयझे म्हणतात, म्हणजे मावशी! आपण भाजीवालीला आत्या म्हणतो का? अनोळखी पुरुषाला आम्जा, म्हणजे काका, आणि कधी दायी, म्हणजे मामा. थोडासाच मोठा असेल तर आबी, मोठी बहीण वाटावी अशी असेल तर आब्ला. हे एवढं कळलं की अर्धं काम झालं.

सापळा: तुर्की पाट्या वाचताना सी अक्षर दिसलं तर ज म्हणा, त्याला खाली शेपटी असेल तर च. मी दोन दिवस काकांना "आम्का" म्हणत होते आणि ते बिचारे हो म्हणत होते.

मग ही चार वाक्यं:

- कुणी काम करताना दिसला की जाता जाता "कोलाय गेलसिन", काम सोपं जावो. रस्ता झाडणाऱ्याला, प्लंबरला, पोलिसाला, कुणालाही.
- दुकानातून निघताना "हायर्ली इश्लेर", धंदा बरकतीचा होवो.
- खाणाऱ्याला "अफियेत ओलसुन", खाल्लेलं अंगी लागो.
- बिल हवं तर "हेसाप, लुत्फेन". हेसाप म्हणजे हिशेबच. दुक्कान, मेयदान, साबुन, पेयनिर, तारिह, जेवाप, हे सगळे शब्द तुम्हाला येतातच, फक्त तुम्हाला माहीत नाही.

आता मान. तुर्की माणूस नाही म्हणताना बऱ्याचदा मान आडवी हलवत नाही, भुवया वर, हनुवटी किंचित वर, आणि जिभेने एक "च्". पहिल्या दिवशी मी बक्कालला, म्हणजे किराणावाल्याला, दही आहे का विचारलं, त्याने भुवया उडवून च् केलं, मला वाटलं चिडला, मी सॉरी म्हटलं, तो गोंधळला. त्याच्याकडचं दही संपलं होतं इतकंच. उलट आपली ती डावी-उजवी डुलणारी मान तिथे कुणालाच कळत नाही, ती घरी ठेवून जा.

६. खिडकी उघडी ठेवा आणि आवाज ओळखा

सकाळी सिमितवाला. मग "एस्किजीऽऽ", हा आपला भंगारवाला, हातगाडी घेऊन, सूरसुद्धा तोच, तुम्ही डोळे मिटले तर सदाशिव पेठ. गॅसच्या सिलिंडरची गाडी कंपनीचं नाव गात जाते, आयगाऽज, दोन दिवसांत तुम्हीही गुणगुणायला लागाल. आणि सगळ्यात भारी म्हणजे ओव्हरलोकवाला, व्हॅनवर भोंगा आणि टेपवर एक बाप्या ओरडतो की ओव्हरलॉक मशीन तुमच्या दारात आलंय, गालिचे, पायपुसणी, कडा शिवून मिळतील. आईला वाटलं निवडणूक आहे. रमझानमध्ये गेलात तर पहाटे सहरीला उठवायला ढोलवाले फिरतात, झोप हलकी असेल तर तारखा बघून जा. थंडीत रात्री बोझा विकणारे फिरतात, आंबूस घट्ट पेय, आम्ही मेमध्ये गेल्यामुळे हुकलं.

७. बक्कालकडे खातं उघडू नका, पण बघा

बक्काल म्हणजे कोपऱ्यावरचा किराणावाला. वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, त्यात पैसे किंवा चिठ्ठी, बक्काल पाव आणि अंडी ठेवतो, टोपली वर. समोरच्या चौथ्या मजल्यावरची आजी रोज सकाळी साडेआठला हे करायची आणि एकदा टोपलीत मांजर बसलं, बक्कालने काढलं नाही, पाव त्याच्याच बाजूला ठेवला, आणि वरून जे काही ओरडणं ऐकू आलं त्याचा अर्थ विचारायचं धाडस मला झालं नाही.

बक्कालची उधारीची वही असते, वेरेसिये देफ्तेरी. आपलं दप्तर आणि त्यांचं देफ्तेर एकच. रमझानमध्ये कधी कधी कुणीतरी अनोळखी माणूस येतो, वहीतली काही पानं उघडायला लावतो, त्यांची उधारी भरतो आणि नाव न सांगता जातो, ही जुनी रीत आहे. बेकरीत तशीच "आस्किदा एकमेक" म्हणजे टांगलेला पाव, तुम्ही दोन पावांचे पैसे देऊन एक न्यायचा, दुसरा ज्याला लागेल तो मागून नेतो. पाटी दिसली तर तुम्हीही करू शकता, सोपं आहे, फार गाजावाजा करू नका.

सापळा: पाझार म्हणजे बाजार आणि पाझार म्हणजे रविवारसुद्धा. दुकानावर "पाझार कापाली" वाचून मी आईला म्हटलं आज बाजार बंद आहे, चल परत. अर्थ होता रविवारी दुकान बंद, आणि दिवस होता मंगळवार, म्हणजे कादिकोयचा मोठा आठवडी बाजार नेमका भरलेला. दुपारी कळलं.

८. आठवडी बाजार

चाकाची पिशवी ओढणाऱ्या बायकांच्या मागे जा, चुकणार नाही. माल मस्त रचलेला असतो आणि आपण हात घालून टोमॅटो दाबायला जातो, तिथे ते आवडत नाही, विक्रेता भरून देतो. "सेचमेजे" अशी पाटी असेल तर निवडून घ्यायची मुभा. चव बघायला चीज, ऑलिव्ह आपणहून देतात. अंधार पडायच्या आधी तासभर भाव उतरतात तेव्हा जा. भाव मी लिहीत नाही, तिथली महागाई अशी आहे की मी लिहीपर्यंत बदललेले असतील.

९. शाकाहाऱ्यांनो

"एत येमियोरुम" म्हणजे मी मांस खात नाही, एवढ्यावर थांबू नका, कारण समोरचा प्रेमाने चिकन आणतो. "तावुक दा, बालिक दा" जोडा, कोंबडी पण, मासे पण. मसुराचं सूप कधी कधी मटणाच्या पाण्यात असतं, विचारा. उलट दुकानात मिळणारं चि-कोफ्ते (कच्चे कोफ्ते) नावाने घाबरवतं पण त्यात मांस नसतं, दलियासारखा बुलगुर मळलेला असतो, तिखट, लेट्यूसमध्ये गुंडाळून, आईचं रोजचं चार वाजताचं खाणं. "झेयतिनयाली" लिहिलेल्या ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या बेधडक घ्या.

१०. मांजरं, आणि फोटो

मांजरं कुणाची नाहीत आणि सगळ्यांची आहेत. दारोदार पाण्याच्या वाट्या. खुर्चीवर झोपलेलं असेल तर तुम्ही दुसरी खुर्ची घ्या, गिऱ्हाईक नंतर. कादिकोयमध्येच तोंबिली नावाच्या एका लठ्ठ मांजराचा पुतळा आहे, पायरीवर कोपर टेकवून बसलेला, २०१६ मध्ये बसवला, थोड्याच दिवसांत चोरीला गेला आणि लोकांनी आरडाओरडा केल्यावर परतही आला. कानाला बिल्ला असलेली कुत्री म्हणजे पालिकेने पूर्वी पकडून टोचून सोडलेली (२०२४ च्या कायद्याने असं परत सोडणं बंद केलं), तरी अंतर ठेवा.

माणसांचे फोटो विचारून काढा, कॅमेरा दाखवून भुवया वर केल्या तरी कळतं. लहान मुलांचे नकोच. पोलीस, सैन्य यांच्याकडे कॅमेरा वळवू नका.

वेळ असेल तर हैदरपाशा स्टेशनमागच्या ब्रिटिश दफनभूमीत जाऊन या. तिथे १९१९-२० मध्ये इथे वारलेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, हिंदू सैनिकांची रक्षा तिथे विखुरलीय. झाडी, समुद्र, चिटपाखरू नाही. आई बराच वेळ नावं वाचत होती.

११. दारात बसलेल्या मावशी

आमच्या इमारतीच्या पायरीवर तळमजल्याच्या तेयझे रोज दुपारी परात घेऊन बसायच्या, ओल्या घेवड्याच्या शेंगा. सहाव्या दिवशी आई जाता जाता थांबली, "कोलाय गेलसिन" म्हणाली (तिला तेवढंच येत होतं), आणि सरळ शेजारी बसून मूठभर शेंगा उचलल्या. दोघींच्या पद्धती वेगळ्या, आई टोक मोडून दोरा खाली ओढते, तेयझे सुरीने कड काढायच्या. तेयझेंनी आईची शेंग हातात घेऊन उलटसुलट बघितली, च् केलं, भुवया वर, आणि सुरी आईच्या हातात दिली. आईने सुरी परत परातीत ठेवली आणि दोऱ्याने ओढून दाखवलं. अर्धा तास हे चाललं, एक शब्द समजला नाही कुणाला, शेवटी प्रत्येकीने आपापल्याच पद्धतीने केलं.

संध्याकाळी दारात त्याच भाजीची ताटली आली. इथे लक्ष द्या: ताटली घासून रिकामी परत देऊ नका, त्यांच्यातही आपल्यासारखंच रिकामं भांडं परत देत नाहीत. आईने लाडू ठेवून पाठवली. दुसऱ्या दिवशी ताटली पुन्हा वर आली, भाताच्या सारणाची द्राक्षाची पानं घेऊन, मग चिवडा खाली गेला, मग चेरी वर. अकराव्या दिवशी आमचं सामान संपलं, म्हणून सांगते, पाकिटं जास्त घ्या. आणि घरात जायचं झालं तर बूट दाराबाहेर.